सरळ केलेला ढावलो

"मोबाइल बंद करा," शिला म्हणाली तेव्हा तिने मानही वर केली नव्हती. कॉलेजच्या ग्रंथालयात अकरा वर्षं काढल्यावर हे वाक्य तोंडातून आपोआप निघतं, खोकल्यासारखं. पण समोर विद्यार्थी नव्हता, तिची सहायक अपर्णा होती, आणि जेवणाची सुट्टी होती. "बंद करते मॅडम, पण एकदा ऐका तर. दोन दिवस झाले, डोक्यातून जाईना. आमच्या सासूबाई सकाळी पूजेला बसल्या की हेच लावून राहिल्यात." तीन-चार बायका एका वेळी गात होत्या. एकीचा आवाज मधोमध, बाकीच्यांनी तिला वरून-खालून धरलेलं, आणि त्याच्या तळाशी कुठलंसं वाद्य तेलाच्या धारेसारखं अखंड. शब्द गोरमाटीतले होते, बंजाऱ्यांच्या बोलीतले. भावा, गाईला दावणीला बांधतानाही तू तिच्याशी दोन शब्द बोलतोस, मला वाटेला लावताना गप्प काहून, असं नवरी भावाला विचारत होती. शिलाने कान दिला आणि कान दिल्यावर तिला राग आला, तो जुना, सवयीचा राग: कुणीतरी चांगल्या घरच्या पोरींनी गार खोलीत बसून तांड्याचं गाणं म्हटलंय, उच्चार पाठ केलेत आणि रडणं तेवढं वगळलंय. "गोड आहे," ती म्हणाली, "पण खोटं आहे." अपर्णा हिरमुसली. "खोटं कसं? आपल्याच जिल्ह्यातली बाई आहे, हे बघा ना," म्हणत तिने फोन शिलाकडे वळवला. पडद्यावर कपाळावर ओढलेला पदर होता, कानांशी लोंबणाऱ्या चांदीच्या घुगऱ्या होत्या, आणि डाव्या भुवईवरचा व्रण होता, गोठ्याच्या चौकटीवर आपटून झालेला. खाली लिहिलं होतं, रुख्मिणीबाई, तांड्याचा सूर. ती शिलाची आई होती.

शिलाने फोन अपर्णाकडे परत सरकवला. बोलण्यासारखं तिच्याजवळ एकच वाक्य होतं आणि ते अपर्णाला सांगायचं म्हणजे आधी केलेलं बोलणं गिळावं लागलं असतं. अपर्णाला नाव माहीत असायचं कारणच नव्हतं. आठ महिन्यांपूर्वी शिलाने रजेच्या अर्जावर मातृशोक एवढाच शब्द लिहिला होता आणि प्राचार्यांनी त्यावर लाल शाईने मंजूर लिहिलं होतं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आई गेली. तेव्हापासून शिलाने दुःख फार व्यवस्थित सांभाळलं होतं. ती रडली ती मोजक्या माणसांपुढे, रजेवरून परत आली ती ठरल्या दिवशी, आणि मरणाबद्दल शहाण्या माणसांनी लिहिलेली जी पुस्तकं ग्रंथालयात होती ती तिने आपल्याच कार्डावर एकेक करून नेऊन वाचली. या आठ महिन्यांत तिला एका गोष्टीचा धीर वाटत आला होता, की आईचा आवाज आपल्या कानात आहे, तो कुठे जात नाही. आणि आता तो आवाज चार हातांवर तिच्या टेबलापलीकडे गात होता आणि तिने त्याला बंद करा म्हटलं होतं. चेहरा पाहिला म्हणून ओळखलं. फोन वळवला नसता तर ती डबा उघडून जेवायला बसली असती. याला जबाबदार कोण हे तिला लगेच कळलं, कारण रागाला वाट लागते आणि वाट जवळच होती. ही प्रेमसिंगची करणी.

प्रेमसिंग तिच्या काकांचा मुलगा, तिच्याहून सहा वर्षांनी लहान. हिंगोलीत मोंढ्याच्या मागच्या गल्लीत, खत-बियाण्याच्या दुकानावरच्या खोलीत त्याने स्टुडिओ काढला होता. लग्नाची गाणी, पुढाऱ्यांच्या वाढदिवसाची गाणी, देवाची गाणी, जे येईल ते तो करून देत असे. आईच्या तेराव्याला शिलाने आपल्या फोनमधलं एक रेकॉर्डिंग त्याला पाठवलं होतं. आई जाण्याच्या आदल्या दिवाळीत तिने ते घेतलेलं, लोकसाहित्याच्या एका चर्चासत्रासाठी, नमुना म्हणून. "पंख्याचा आवाज तेवढा काढ," एवढंच तिने लिहिलं होतं. नंतर तिचा फोन पाण्यात पडला, नवा आला, जुन्यातलं काही आलं नाही. तिला त्याची घाई नव्हती. ऐकायची हिंमतही नव्हती. रेकॉर्डिंग प्रेमसिंगकडे आहे, सुरक्षित आहे, एक दिवस आपण शांतपणे बसून ऐकू, असं ती धरून चालली होती. त्या दुपारची आठवण तिच्याजवळ होतीच: पत्र्याच्या सावलीत आई बसलेली, मांडीवर भुईमुगाच्या शेंगांचं सूप, समोर उपड्या पायलीवर टेकवलेला फोन, आणि शिला गुडघ्यांना मिठी मारून, गप्प राहून ऐकते आहे.

आणि आईचा आवाज असा नव्हताच. अर्ज, पावत्या, परत आलेली पुस्तकं यांच्यामध्ये बसून शिला मनातल्या मनात कुणाला तरी समजावत राहिली, जणू समोर चौकशी समिती बसली आहे. ढावलो म्हणजे गाणं नव्हे. नवरी सासरी निघते तेव्हा एकेका माणसाच्या गळ्यात पडून ती रडते, आणि ते रडणं ओळींमध्ये असतं. आईला एक कडवं, बापाला एक, भावाला एक. कडव्याच्या शेवटी आवाज मोडतो. मोडतो म्हणजे चुकतो असं नाही, मोडायचा असतो, आणि तो कुठे मोडायचा, किती खाली न्यायचा, श्वास कुठे आत ओढायचा हे शिकावं लागतं. लग्न ठरलेल्या पोरी महिना-महिना रोज संध्याकाळी शिलाच्या आईकडे यायच्या आणि ती त्यांना रडायला शिकवायची. "नरड्यानं नको, पोटानं रड," असं एकीला म्हणायची, दुसरीला म्हणायची, "डोळ्यातून पाणी नाही आलं तरी चालतं, आवाजातून आलं पाहिजे." पोरी हसायच्या, एकमेकींच्या गळ्यात पडून खोटं-खोटं रडायच्या, आणि मग एखाद्या दिवशी एखादी खरंच रडायला लागायची, थांबेना व्हायची, आणि आई म्हणायची, "आता हिला आलं." लहानपणी शिलाला हे सगळं जगातलं सर्वांत नैसर्गिक वाटत होतं. नंतर ती वसतिगृहावर गेली.

वसतिगृहावरून परत आलेल्या शिलाला तांड्यातल्या बऱ्याच गोष्टी सरळ कराव्याशा वाटल्या, हे खरं. घरात सगळे गोरमाटी बोलत, पण तिच्याशी मराठीत बोलू लागले, कारण तिनेच ती सवय लावली. आई ग्रंथालयात पहिल्यांदा आली तेव्हा शिलाने तिला आधीच बजावलं होतं की हळू बोल, आणि आई इतकी हळू बोलली की चहा नको म्हणाली तेही कुणाला ऐकू आलं नाही. आणि स्वतःच्या लग्नात शिलाने ढावलो म्हटला नाही. तिचं म्हणणं साधं होतं. नवरा शिक्षक, सासर हिंगोलीत, तांड्यापासून तासाभराचं अंतर, रडायचं कशाला आणि तेही ठरवून? कॅमेऱ्यासमोर? आईने वाद घातला नाही. निघायच्या वेळी तिने शिलाच्या गळ्यात हात टाकले आणि नवरीचं कडवं स्वतःच म्हटलं, नवरीच्या वतीने, स्वतःलाच, याडीला म्हणजे आईला उद्देशून: याडी, मी भरलेला हंडा अजून ओला आहे आणि तू मला वाटेला लावतेस. शिला ताठ उभी होती. आईच्या खांद्यावरून तिला फोटोग्राफर दिसत होता आणि तो हाताने तिला खूण करत होता, की जरा हसा. या आठवणीपाशी आली की शिला एरवी पान उलटायची. आज तिने पान उलटलं ते वेगळ्या जोराने. आपण काय केलं ते आपल्या घरातलं. पण दुसऱ्या माणसाने, एका यंत्राने, मेलेल्या बाईच्या नरड्यात हात घालावा?

तिने अनुसयाबाईंना फोन लावला. अनुसयाबाई आईची जोडीदारीण. आईच्या प्रत्येक ओळीनंतर हुंकार देणं आणि कडव्याला उत्तर देणं हे काम चाळीस वर्षं त्यांचं होतं. आता कनेरगाव नाक्याजवळच्या, शिलाच्या माहेरच्या तांड्यात आईच्या वयाच्या त्याच उरल्या होत्या. शिलाला साक्षीदार हवा होता. "मावशी, तुमी ऐकलं का ते? प्रेमसिंगनं केलेलं?" "ऐकलं की. तुज्या भावजयीनं लावलं व्हतं. सारा तांडा ऐकून राहिला." "मग? कसं वाटलं?" पलीकडे अनुसयाबाईंनी कोंबड्यांना हुसकलं. "गोड हाय बाई. पर मला काही उमजंना. चार-चार रुख्मिणी रडून राहिल्या अन् मला येकीच्याबी गळ्यात पडता यीना. हूं म्हनायला जागाच ठिवली न्हाई मेल्यानं. येक थांबली की दुसरी हायेच." शिलाला हायसं वाटलं. "म्हणजे तुमालाबी आवडलं नाही." "आवडलं न्हाई असं कुठं म्हनलं? आता लग्नात हेच लावनार हायेत, सुदाम म्हनला. येत्या शुक्रवारी. नातीच्या बिदाईला आजीचा आवाज. पोरीला काही ढावलो येत न्हाई, माज्या दाढा गेल्या, फुर्र-फुर्र हवाच निघती. मंग लावा म्हनलं." सुदाम शिलाचा मोठा भाऊ. त्याच्या थोरल्या मुलीचं लग्न येत्या शुक्रवारी होतं हे शिलाला माहीत होतं. हे वाजणार आहे हे माहीत नव्हतं. म्हणजे आठ दिवसांनी सगळ्या तांड्यासमोर, सगळ्या सोयऱ्यांसमोर, हाच रुख्मिणीबाईंचा आवाज ठरणार. शिकलेल्या पोरी हाच ऐकून रडायला शिकणार. आणि मूळ आवाज जगात एकाच ठिकाणी उरला होता, खतांच्या दुकानावर, त्याच माणसाच्या यंत्रात. तो त्याने पुसला असेल तर? शिलाने अर्ध्या दिवसाची रजा लिहिली. अकरा वर्षांत पहिल्यांदा तिने कारणाची जागा कोरी सोडली.

मोंढ्यात हळदीचे दिवस होते. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पोती, पोत्यांवर पिवळी धूळ, हमालांच्या पापण्या पिवळ्या, आणि सगळीकडे तो कडवट, मातकट वास. एप्रिलचं ऊन डोक्यावर होतं. शिला झपझप चालत होती आणि चालता चालता बोलायची वाक्यं तयार करत होती. तुला अधिकार कुणी दिला. ही वस्तू नव्हे. गोड हा शब्द ती या जन्मात पुन्हा उच्चारणार नव्हती. सगळ्या जगाला काहीतरी गोड करून हवं होतं, तिखट पोह्यांत साखर टाकणाऱ्यांसारखं. त्या रीलखालची लोकांची वाक्यं तिने ग्रंथालयातून निघताना वाचली होती. किती शांत वाटतं ऐकून. झोपताना लावते मी. एकाने लिहिलं होतं, आजीला आधी संधी मिळाली असती तर. संधी कशाची? तांड्यातल्या शंभर पोरी जिच्याकडून रडायला शिकून सासरी गेल्या त्या बाईला कसली संधी मिळायची राहिली होती? लोखंडी जिना चढताना कठडा हाताला पोळला आणि तोही तिला प्रेमसिंगचाच उद्धटपणा वाटला.

"ताई? काहून ऐन उन्हाची? फोन करायचा न, मी गाडी घेऊन आलो असतो." प्रेमसिंग गडबडून उठला. खोली लहान, भिंतींना अंड्यांचे ट्रे चिकटवलेले, त्यावर जांभळा रंग. "बस. माठातलं पाणी देतो." "पाणी नको. तुला पंख्याचा आवाज काढ म्हटलं होतं." "काढला न." "मग हे काय केलंस?" त्याने ऐकलं, मग खाली बघितलं, मग हसला, आणि ते हसणं कौतुक होईल या आशेचं होतं, त्यामुळे ती आणखी संतापली. "ताई, तुला सांगू, नवीन सॉफ्टवेअर घेतलं मी. आवाज सुरात बसवायचं, अन् येका आवाजाचे चार करायचं. आता समदे वापरतात, मोठमोठे गाणारेबी. म्या तीन दिवस व्हिडिओ बघून शिकलो. पहिलं माझ्याच आवाजावर करून पाह्यलं, तर मला वाटलं मी कोन लागून गेलो. मंग म्हनलं, काकीचं करू. काकी थोडी सुराबाहेर जाऊन राहिली व्हती, तिला..." "सुराबाहेर," शिला म्हणाली. तिने आवाज चढवला नाही, ती कधी चढवत नसे. "तुझ्या बहिणीला ढावलो कुणी शिकवला रे?" "काकीनंच." "तेव्हा कुणी म्हटलं का तिला, की सुराबाहेर आहेस?" "तसं न्हाई ताई." "मग कसं? मला दाखव. काय केलंस ते सगळं दाखव."

त्याने दाखवलं. पडद्यावर आडव्या रेघा होत्या, वहीच्या पानासारख्या, आणि रेघांवर लांबट, मध्ये फुगीर, पिवळसर तुकडे मांडलेले होते. खालच्या रस्त्यावर ओतलेली हळकुंडं कुणीतरी उचलून ओळीने लावावीत तसे. "हा येकेक तुकडा म्हंजे काकीचा येकेक सूर," प्रेमसिंग म्हणाला. प्रत्येक तुकड्यातून एक बारीक केसासारखी रेघ गेली होती, वर-खाली कापत. ते आवाजाचं थरथरणं. "आता हे बघ. रेघ म्हंजे पक्का सूर. काकीचा तुकडा कुठं हाय? रेघेवर न्हाई, दोन रेघांच्या मधी लोंबकळून राहिला. पहिलं सॉफ्टवेअर विचारतं, गाण्याची पट्टी कोणती. आता काकीची पट्टी तर यादीत न्हाई. मंग यादीतली जवळची घेतली." "जवळची," शिला म्हणाली. "व्हय, जवळची. मंग समदे तुकडे निवडायचे अन् हे बटण. किती टक्के सरळ करायचं ते आपल्या हातात." त्याने एक खूण उजवीकडे ओढली आणि हळकुंडं टकाटक उड्या मारून जवळच्या रेघांवर जाऊन बसली. आतली केसासारखी रेघ ताणल्यासारखी सपाट झाली. कडव्याच्या शेवटी खाली कोसळत गेलेला एक लांब तुकडा होता, शेपटीसारखा, तोही उचलला गेला आणि इतरांच्या ओळीत बसला. शिलाने ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. चाळीस वर्षं तांड्यातल्या पोरींना जे शिकवायला महिना लागायचा ते काढून टाकायला अर्धा क्षणही लागला नव्हता.

पुढचं त्याने न विचारताच दाखवलं, त्याला राहवेना. आईच्या तुकड्यांच्या खाली आणखी तीन ओळी होत्या, डावीकडे चारही ओळींना नाव दिलेलं: काकी १, काकी २, काकी ३, काकी ४. "पहिली खरी. बाकीच्या तिच्यातूनच काढल्या. येक वरच्या सुरात, दोन खालच्या. कोरस." शिलाला अनुसयाबाईंचं बोलणं आठवलं. "आणि मधल्या जागा? ओळीनंतर ती थांबायची त्या?" "त्या रिकाम्या वाटत व्हत्या ताई. लोकं पुढं सरकवतात. म्हून भरल्या." "रिकाम्या नव्हत्या त्या," शिला म्हणाली, आणि मग तयार करून आणलेली सगळी वाक्यं एकामागून एक, शांतपणे, न अडखळता तिने त्याला ऐकवली. तुला चांगलं आणि गोड यातला फरक कळत नाही. तू तिला समजून घेतलं नाहीस, नटवलंस. जिवंत असती तर तिच्या तोंडावर म्हणाला असतास का, काकी, सरळ गा? तिने हे केलं असतं का? आणि मेलेल्या माणसाला नाही म्हणता येत नाही, म्हणून त्याला काहीही करायचं? प्रेमसिंग ऐकून घेत होता. त्याने माउसवरचा हात काढून मांडीवर ठेवला होता. जिवंत असती तर या वाक्याला त्याने एकदा वर बघितलं, मग परत पडद्याकडे.

"मूळ कुठे आहे?" तिने विचारलं. "हाय. पुसलं न्हाई." "लाव." "ताई, मी काय म्हनतो, लग्नासाठी दुसरं करून देतो. थोडंच सरळ करतो, तीस टक्के. कोरस काढतो. तुला पाह्यजे तसं. मूळ नको ऐकू, खरखर हाय लई." "खरखर असू दे." "बकरं वरडून राहिलं त्यात." "असू दे." "ताई, ऐक माझं." "तू काय लपवून राहिला?" हे तिच्या तोंडून तांड्याच्या मराठीत निघालं, वसतिगृहाच्या आधीच्या. प्रेमसिंगने तिच्याकडे बघितलं आणि दुसरी फाइल उघडली.

पंखा. बकरी. सुपात शेंगा पडल्याचा आवाज. आणि आई. शिलाने डोळे मिटले, आणि हा तोच आवाज होता, कानात ठेवलेला, ओळखायला चेहरा लागत नव्हता. आईचं कडवं. याडी, मी भरलेला हंडा अजून ओला आहे. शेवटी तो मोड, विहिरीत कळशी सुटावी तसा खाली, खाली, आणि मग श्वास आत ओढल्याचा आवाज, आणि जागा. मग बापाचं कडवं. त्याच्या शेवटी मोड आणखी खोल गेला. जागा. तिसरं सुरू व्हायच्या आधी त्या जागेत कुणीतरी बोललं. शुद्ध, स्वच्छ मराठीत, जरा त्रासलेला, पण सभ्य आवाज.

"याडी, असं रडून नको म्हणूस. तिथल्या लोकांना शब्दच कळणार नाहीत. नुसतं सरळ म्हण. गाण्यासारखं."

पंखा फिरत होता. "सरळ म्हंजे कसं?" आईने विचारलं. "सरळ म्हणजे सरळ गं. न मोडता. मी म्हणून दाखवू का?" "नको. म्हनते," आई म्हणाली. मग घसा खाकरल्याचा आवाज आला, आणि मग आईने भावाचं कडवं म्हटलं. गाईला दावणीला बांधतानाही तू तिच्याशी दोन शब्द बोलतोस. सपाट, जपून, प्रत्येक शब्द वेगळा, शाळेत कविता म्हणायला उभ्या केलेल्या मुलीसारखं. शेवटी मोड आलाच नाही. जिथे तो यायचा तिथे आईने सूर धरून ठेवला, आणि धरून ठेवताना तो थोडासा हलला, तेवढाच. मग रेकॉर्डिंगमधली शिला म्हणाली, "हां, हे छान," आणि रेकॉर्डिंग संपलं.

खालच्या गल्लीत कुणीतरी पोतं टाकलं, जिना हादरला. शिलाने डोळे उघडले तेव्हा प्रेमसिंग पडद्याकडे बघत होता, तिच्याकडे नाही. "रीलमध्ये कोणतं कडवं आहे?" तिने विचारलं, जरी तिला माहीत होतं. "भावाचं." "त्याला किती टक्के लावलं?" "त्याला काय लावायचं ताई." तो थांबला. "त्याला हात लावायची गरजच पडली न्हाई. समदे तुकडे आधीच रेघेपाशी व्हते. खाली कोरस अन् वाद्य भरलं फक्त. मला वाटलं, तुला हेच पाह्यजे. तू म्हनली न तिथं, सरळ. म्हून बाकीची दोन तशी केली, जुळावी म्हनून." तो हे तक्रारीने म्हणत नव्हता. तिला वाटलं, त्याने तक्रारीने म्हणावं. त्याने ओरडावं, उठून दार लावावं, तिच्या शिकलेपणाचा उद्धार करावा. आपण याच्याशी काय बोललो, कुठल्या तोंडाने बोललो, ते तिने आठवू नये म्हणूनच जणू तो हळूहळू माउसची तार सरळ करत बसला होता.

"सरक," ती म्हणाली. त्याने खुर्ची दिली. तिने भावाच्या कडव्याचा शेवटचा तुकडा निवडला, त्याने दाखवलं होतं तसा, आणि त्याचं टोक धरून खाली ओढलं. वाजवलं. आईचा आवाज घसरला, चरक फिरायचा थांबावा तसा, बद्द, हास्यास्पद. तिने परत वर नेलं, हळू ओढलं, मध्ये थरथर भरली, आणखी थोडी भरली. बकरीसारखं झालं. तिने सात-आठ वेळा केलं. प्रेमसिंग एकदा म्हणाला, "ताई, सरळ करायचं सोपं हाय. ते दुसरं यातून न्हाई व्हत," आणि तिने ऐकून न ऐकल्यासारखं करत आणखी दोनदा करून पाहिलं. मग हात काढला. त्या कडव्यात आई रडली नव्हती. कुठेही खोल दाबलेलं, बटणाने वर यावं असं काही त्यात नव्हतंच. तिला सांगितलं होतं आणि तिने ऐकलं होतं.

"काकी दोन, तीन, चार काढ, वाद्यपण काढ," शिला म्हणाली. त्याने एकेक ओळ निवडून काढली. पडदा मोकळा झाला. "पहिल्या दोन कडव्यांचं सरळ केलेलं परत फिरव." हळकुंडं रेघांवरून उतरून मधल्या जागी जाऊन लोंबकळली. "जागा परत ठेव." आता सगळ्यात खाली एकच ओळ उरली होती, बंद करून ठेवलेली, राखाडी. तिचं नाव होतं कचरा. "यात काय आहे?" "पंखा. बकरं." प्रेमसिंगने कान खाजवला. "अन् तुझं बोलणं. ते मीच तोडून तिकडं टाकलं व्हतं. लोकांनी ऐकू नाही असं वाटलं. दादालाबी ऐकवलं न्हाई मी, सुदामदादाला. कुनालाच न्हाई." ती राखाडी ओळ बघत राहिली. पंख्याच्या सलग खरखरीत मध्येच चार-पाच तुकडे होते, तिच्या आवाजाचे, आखीव, एकही न थरथरणारा, एकही खाली न गेलेला.

"शुक्रवारी हे असं लावायचं," ती म्हणाली. "सगळं. तिसरं कडवंपण, आहे तसं."

"तुझं बोलणं धरून? समदा तांडा असंल ताई. सोयरे असतील. मागचं काढून टाकू का मी, नुसती पहिली दोन..."

"प्रेम, तिने दोन कडवी म्हटली, मग मी बोलले, मग तिने तिसरं म्हटलं. तसंच लावायचं."

त्याने कचरा या नावावर बोट ठेवलं. "मंग नाव तरी बदलतो हिचं."

"राहू दे," शिला म्हणाली, आणि तिने स्वतः ती ओळ चालू केली.